चाकांवरचे घर आणि पाहुणेपण

इटलीच्या 1992 च्या वाहतूक संहितेत कॅम्परव्हॅनविषयी 185 वे कलम आहे. गाडीचा जमिनीशी संबंध फक्त चाकांपुरता असेल, तिच्यातून सांडपाणी बाहेर पडत नसेल आणि तिने स्वतःच्या आकाराबाहेर जागा अडवली नसेल, तर ती रस्त्यावर नुसती उभी आहे, असे हे कलम मानते. मात्र सावलीसाठी कापड ताणले, टेबल-खुर्च्या बाहेर मांडल्या, की तो तळ ठोकणे झाले. ओल्बियाला किंवा काल्यारीला भाड्याची गाडी घेऊन सार्डिनिया बेटाच्या किनाऱ्याने हिंडणाऱ्याला हे कलम दंड टाळण्यासाठी माहीत असावे लागते. पण त्यातून एक नैतिक आदर्शही वाचता येतो: जमिनीला कमीत कमी स्पर्श करावा, मागे काही सोडू नये, सकाळी निघून जावे. अशा फिरण्याला अपरिग्रह म्हणावेसे वाटते. मला हा आदर्श अपुरा वाटतो. परक्या भूमीत कसे राहावे, या प्रश्नाचे अर्धेच उत्तर त्यात आहे.

घर सोडून फिरणाऱ्यांचा विचार आपल्याकडे फार बारकाईने झाला आहे. बौद्ध भिक्खूला अन्न दुसऱ्या दिवसासाठी साठवता येत नाही. जैन साधू गोचरीला जातो आणि अनेक घरांतून थोडे थोडे घेतो. महाराष्ट्रात मधुकरी मागून शिकलेल्या मुलांच्या पिढ्या होऊन गेल्या. या नियमांमागे लोभ आवरण्याचा हेतू सांगितला जातो आणि तो खराच आहे. पण त्यांचा परिणाम त्याहून मोठा आहे. घर सोडलेल्या माणसाला रोज कुणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. त्याची गरज त्याला गावाशी बांधून ठेवते. कॅम्परव्हॅनची रचना नेमकी उलट आहे: फ्रिज, गॅस, बिछाना, संडास, पाण्याची टाकी. घर मागे राहते, घराची स्वयंपूर्णता मात्र बरोबर येते. भूमध्य समुद्राच्या एका फार जुन्या प्रवासकथेत, होमरच्या ‘ओडिसी’त, स्वयंपूर्ण आहे तो एकाक्ष राक्षस पॉलिफेमस. त्याच्या गुहेत मेंढ्या आहेत, चीज आहे, आणि पाहुण्यांचे रक्षण करणाऱ्या झ्यूसचीही आपण पर्वा करत नाही, असे तो बजावतो. फिएशियन लोकांच्या बेटावर कथानायक ओडिसियसला आसरा मिळतो तो मात्र अंगावर वस्त्रही नसताना, याचना केल्यावर. आणि हे विसरू नये की गुहेत शिरल्यावर यजमान येण्यापूर्वीच ओडिसियस आणि त्याचे साथीदार पॉलिफेमसचे चीज खाऊन बसलेले असतात. न विचारता घेणारा पाहुणा आणि दारातला माणूस न ओळखणारा यजमान, दोघांची चूक एकाच जातीची आहे.

यावर मोठा आक्षेप असा, की आज गरज घेऊन जाणे हाच त्रास ठरेल. सुमारे 16 लाख वस्तीच्या सार्डिनियात ऑगस्टमध्ये येणारा प्रत्येक जण कुणाचे दार ठोठावू लागला, तर लोकांना जगणे अशक्य होईल. आपले पाणी, आपली चूल घेऊन येणे हाच मग शिष्टाचार. शिवाय हॉटेल न परवडणाऱ्या कुटुंबालाही समुद्र पाहू द्यायला हवा. आणि हॉटेल किनाऱ्यावर कायमचे काँक्रीट ओतते, गाडी निघून जाते. किनाऱ्यापासून 2 किलोमीटरच्या पट्ट्यात नवी बांधकामे रोखायला 2004 साली सार्डिनियाला कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. हे सगळे मला मान्य आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते, की असा प्रवासी उपद्रव देत नाही. उपद्रव न देणे आणि पाहुणा असणे यांत अंतर आहे. 2019 मध्ये पोर्तो तोर्रेस बंदरात एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत बाटल्यांत भरलेली सुमारे 40 किलो वाळू सापडली. आठवण म्हणून नेत होतो, हा गुन्हा आहे हे ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. ते खोटे मानायचे कारण नाही, आणि मला खरी चिंता तिथेच वाटते. ज्याला कुणाकडे काही मागावे लागत नाही, त्याला हळूहळू ती भूमी बिनमालकीची दिसू लागते. तिथे यजमान आहे, हेच त्याच्या मनातून जाते.

दुसरा आक्षेप म्हणतो, की आता व्यवहार पैशाने मिटतो, आतिथ्याची भाषा कशाला? तत्त्वज्ञ कांटने 1795 च्या शाश्वत शांततेवरील ग्रंथात परक्याला भेट देण्याचा हक्क मानला. पृथ्वी गोल आहे, माणसे तिच्यावर अमर्याद पांगू शकत नाहीत, म्हणून एकमेकांना सोसणे भाग आहे. पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र त्याने दिला नाही. त्यासाठी यजमानाशी वेगळा करार हवा. भाड्याच्या पावतीने हा करार होतो का? पावती गाडीची असते, किनाऱ्याची नव्हे. स्तिंतीनोच्या ला पेलोझा किनाऱ्यावर उन्हाळ्यात दिवसाला 1,500 जणांनाच प्रवेश असतो; आधी नोंदणी, 3.50 युरो, आणि टॉवेलखाली चटई हवीच, कारण ओल्या टॉवेलला वाळू चिकटून जाते. साडेतीन युरो ही त्या समुद्राची किंमत असूच शकत नाही. या अटींतून यजमान बोलतो आहे, आणि चटई अंथरणारा त्याचे ऐकतो आहे. दारात उभे राहण्याचे आजच्या काळात शक्य असलेले रूप मला यात दिसते.

तात्पुरत्या मुक्कामाची कल्पना सार्डिनियाला परकी नाही. कब्रासजवळच्या सान साल्वातोरेत चर्चभोवती छोटी घरे आहेत, त्यांना कुंबेसियास म्हणतात. वर्षातला बहुतेक काळ ती ओस असतात. नऊ दिवसांच्या व्रतासाठी कुटुंबे तिथे राहायला येतात, आणि सप्टेंबरच्या आरंभी पांढऱ्या वस्त्रांतले पुरुष संताची मूर्ती घेऊन कब्रासहून अनवाणी धावत येतात. हाही मुक्काम हलकाच, पण त्याला शेजार आहे आणि निमित्त आहे. प्रवाशाने हे व्रत उसने घेऊ नये, ते त्याचे नाही. त्याने आपली गरज थोडी उघडी ठेवावी. फ्रिज काठोकाठ न भरता पाव गावातून घ्यावा. रात्री गाडी कुठे लावू, हे मोबाइलऐवजी पाववाल्याला विचारावे. आणि त्याने इथे नको म्हटले, तर 185 व्या कलमाची ढाल पुढे न करता पुढच्या गावी जावे.