शेजाऱ्याविरुद्ध साक्ष

खोटी साक्ष देणें हें पाप आहे, हें आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. परंतु साक्ष देणाऱ्यास आपण खरेंच बोलत आहों असें मनापासून वाटत असेल, तर त्यास दोष लागतो काय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तर अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स वसाहतींत १६९२ सालीं घडलेली हकीकत उपयोगी पडेल.

त्या वसाहतींत सालेम नांवाचें एक खेडें होतें. तेथील लोक प्यूरिटन, म्हणजे शास्त्राप्रमाणें कडकपणें वागूं पाहणारे ख्रिस्ती होते. त्या वर्षाच्या आरंभीं पाळक सॅम्युएल पॅरिस ह्यांची नऊ वर्षांची मुलगी व नात्यांतली अकरा वर्षांची दुसरी मुलगी ह्यांस झटके येऊं लागले. वैद्यास रोग कळेना. त्यानें चेटकाचा संशय घेतला. मग तिघींवर आळ आला: पाळकांच्या घरची गुलाम टिटुबा, दारोदार मागून पोट भरणारी सारा गुड, आणि आजारामुळें उपासनेस न येणारी सारा ऑसबर्न. ज्यांचा कैवार घेणारें कोणी नव्हतें, त्यांजवरच बोट प्रथम गेलें.

पण लागलेली आग एका घराशीं थांबत नाहीं. एकाहत्तर वर्षांची रिबेका नर्स ही मंडळींतील मान्य सभासद. पंचांनीं प्रथम तिला निर्दोष ठरविलें. तेव्हां आरोप करणाऱ्यांनीं आकांत केला, न्यायाधीशांनीं पंचांस पुन्हा विचार करावयास लाविलें, आणि १९ जुलै रोजीं ती फांशी गेली.

पुरावा कोणता? अमकीची छाया येऊन मला छळते, हा. ती छाया आरोप करणाऱ्यावांचून कोणास दिसत नसे. मग आरोपीनें तिचें खंडन करावें कसें? शिवाय, ज्यांनीं चेटूक केल्याची खोटी कबुली दिली व ती कायम ठेविली, त्यांस फांशी झाली नाहीं; सत्यास चिकटून राहिलेले मात्र मेले. १९ जणांस फांशी झाली, जाइल्स कोरी ह्या वृद्धास दगडांखालीं दडपून मारिलें, आणि निदान पांच जण तुरुंगांत वारले. शेवटीं ऑक्टोबरांत गव्हर्नर फिप्स ह्यांनीं तें न्यायालय बंद केलें.

पुढें काय झालें? १६९७ सालीं उपवासाच्या दिवशीं न्यायाधीश सॅम्युएल सिवॉल भर मंडळींत उभे राहिले, व त्यांचा दोषस्वीकार पाळकांनीं वाचून दाखविला. आरोप करतेवेळीं बारा वर्षांची असलेली ॲन पुटनम १७०६ सालीं तशीच उभी राहिली. आपण द्वेषानें नव्हे, भ्रमानें बोललों, असें तिनें सांगितलें. तरीही तिनें क्षमा मागितली. आपल्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. मनाचा भाव खरा होता, एवढ्यानें निरपराध्याचें रक्त धुऊन निघत नाहीं. जें आपण पाहिलें नाहीं, तें पाहिल्यासारखें बोलणें हाच दोष. आणि तें ऐकून गप्प बसणाराही त्यांत वांटेकरी होतो.

आपल्याकडेही चेटकीण, डाकीण, भुताळी हे शब्द अपरिचित नाहींत. कोणावर करणीचा आळ घेऊन त्यास छळणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. पण कायदा येण्यापूर्वीं शब्द निघून गेलेला असतो. म्हणून घरांत मूल तापलें, गोठ्यांत गाय मेली, आणि कोणी एखाद्या विधवेचें नांव घेतलें, तर शांतपणें विचारा, “तुम्हीं डोळ्यांनीं काय पाहिलें?” आणि चारचौघांत चुकीचें बोललां असाल, तर तें चारचौघांतच परत घ्या. सालेमच्या मंडळीनें रिबेकावरील बहिष्कार १७१२ सालीं रद्द केला. पण तें ऐकावयास ती कोठें होती?