गौण विषय

सरकारी मराठीत 'गौण' हा शब्द मोठा फसवा आहे. आमच्या नांदेडला गोदावरीच्या पात्रात जी वाळू असते, तिला महसूल खात्याच्या दप्तरात 'गौण खनिज' म्हणतात. या गौण वस्तूसाठी रात्री अडीच वाजता टिप्पर पळतात, टिप्परमागे तलाठी पळतात आणि कधी कधी तलाठ्यांमागे टिप्पर पळतात. उद्या पात्रात हिरे सापडले तरी एवढी धावपळ व्हायची नाही. म्हणून कुणी कशाला गौण म्हटलं, की मी आधी सावध होतो.

हाच शब्द परवा लातूरला बहिणीच्या घरी इंग्रजी वेषात भेटला. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे, म्हणजे २०२० सालच्या, पदवीला आता एक 'मेजर' विषय असतो आणि एक 'मायनर'. शिवाय श्रेयांक नावाचं चलन आहे. साधारण १५ तास वर्गात बसलं की एक श्रेयांक जमा होतो, असे किमान १२० जमवले की पदवी. भाचीने अर्थशास्त्र मेजर घेतलं आणि मायनर म्हणून राज्यशास्त्र घ्यावं म्हणते. त्यावर घरात गोलमेज परिषद भरली होती. मामा या नात्याने मला मत होतं, पण नकाराधिकार नव्हता.

लातूर हे 'पॅटर्न'चं गाव. तिथं विषयाला पहिला प्रश्न एकच विचारतात, आणि तो दाजींनी विचारला : "मार्क पडतात का त्याला?" ताई म्हणाली, "एमपीएससीला उपयोगी पडतं म्हणतात." शेजारचे काका पेपर परत द्यायला आले होते ते म्हणाले, "राजकारण कशाला शिकायचं? ते काय, पानपट्टीवर फुकट मिळतंय."

यात काकांचं फार चुकलं असं नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले : नांदेडने शंकरराव आणि अशोकराव चव्हाण, लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख. शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष झाले ते वेगळेच. अशा मुलखात पानपट्टीवाल्यालाही मंत्रिमंडळाच्या विस्ताराची तारीख मंत्र्यांच्या आधी ठाऊक असते.

तसा हा वाद आजचा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या सुरुवातीलाच अभ्यास मंडळाची एक बैठक भरलेली आहे. विषय : विद्या किती? मनूचे अनुयायी म्हणाले तीन; वेद, शेतीव्यापार आणि दंडनीती. बृहस्पतीचे अनुयायी म्हणाले दोन पुरे, वेद गाळा. शुक्राचार्यांच्या पंथाने तर कमालच केली. ते म्हणाले, विद्या एकच, दंडनीती. बाकी सगळं तिच्यातच येतं. प्रत्येक विभागप्रमुखाला आपलाच विषय अनिवार्य असावा असं वाटतं, हे तेव्हापासूनचं आहे. शेवटी कौटिल्याने चार विद्या ठरवल्या आणि तर्कविद्येला पहिला मान दिला. स्वतः राज्यशास्त्राचा एवढा मोठा जाणकार, पण आपल्या विषयाच्या हातात त्याने सगळं वेळापत्रक दिलं नाही.

तिकडे प्लेटोनेही 'रिपब्लिक'मध्ये राज्यकर्त्यांचा अभ्यासक्रम आखला. विसाव्या वर्षापासून दहा वर्षं गणित आणि तत्सम विषय, मग पाच वर्षं वादविद्या, मग पंधरा वर्षं उमेदवारी, आणि पन्नाशी गाठल्यावर राज्य. मी हे सांगितलं तेव्हा दाजी म्हणाले, "पन्नाशीपर्यंत फी कोण भरणार?" या प्रश्नाचं उत्तर मात्र प्लेटोकडे नाही.

हसणं-खिदळणं झाल्यावर भाचीने जो प्रश्न विचारला, त्याने मी गप्प झालो. ती म्हणाली, "मामा, हे शिकून माणूस चांगला होतो का हो? का नुसता हुशार होतो?"

प्रश्न खरा आहे. कुलूप कसं उघडतं हे शिकणारे दोघं असतात. एक कुलपाची दुरुस्ती करतो, दुसऱ्याचं काम रात्री असतं. विद्या दोघांची एकच. सत्ता कशी मिळते, कशी टिकते, कोणत्या कलमाला कुठून वळसा घालता येतो, हे कळल्याने कुणी सज्जन होत असेल असं मला वाटत नाही. राज्यशास्त्रात पहिला आलेला मुलगा रांगेत मध्येच घुसणार नाही, याची हमी कोणतंही विद्यापीठ देत नाही.

पण कुलपाच्या गोष्टीत तिसरा माणूस आपण विसरतो. तो म्हणजे घरमालक. त्याला चोरी करायची नाही आणि दुरुस्तीही जमत नाही. पण आपल्या दाराला कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाकुणाकडे आहे, हे त्याला माहीत नको? आपण मध्यमवर्गीय लोक या घरमालकाच्या जातीचे. "राजकारणाशी आपला काही संबंध नाही बुवा," असं अभिमानाने सांगणाऱ्या माणसाच्या खिशात पुष्कळदा बदलीसाठी आमदाराचं पत्र असतं. किल्ली कुणाकडे आहे ते त्याला बरोबर माहीत असतं. ती तिथं का आहे, एवढंच तो विचारत नाही.

लातूरकरांनी हे जिवावर झेललेलं आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. ताईने त्या दिवसांत भांडी घासलेलं पाणी झाडाला आणि आंघोळीचं पाणी फरशीला वापरलं. पाऊस कमी पडला हे भूगोलाचं झालं. पण धरणातलं पाणी उसाला किती आणि घागरीला किती, आणि हे कुणी, कोणत्या बैठकीत ठरवायचं, हे राज्यशास्त्र आहे. तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांपैकी कितीजणांना त्या बैठकीचं नाव तरी सांगता आलं असतं?

आपण ज्याला गौण समजून सोडून देतो, ते कुणीतरी मुख्य विषय म्हणून घेतलेलं असतं. वाळूचं तेच, पाण्याचं तेच.

म्हणून सगळ्यांनी राजकारणच करत बसावं, असं मात्र मी भाचीला सांगितलं नाही. शुक्राचार्यांच्या पंथासारखं सगळं आयुष्य दंडनीतीला दिलं तर पोराबाळांना जेवू कोण घालणार? माझ्या मते हा विषय मायनर म्हणूनच जास्त शोभतो. नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. संन्याशाचा मुख्य विषय मोक्ष. पण त्यांनी जोडीला निजामाची राजवट घेतली, आणि तो पेपर १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला. पीपल्स कॉलेजातले नरहर कुरुंदकर शिकवायचे मराठी. लोकशाही, धर्म, इतिहास यांवर त्यांनी जे लिहिलं, त्याचे श्रेयांक त्यांना कुणी दिले नाहीत.

भाचीचा आराखडा शेवटी ठरला : आधी राज्यघटना, मग स्थानिक स्वराज्य, मग राजकीय विचारवंत. मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ झालं, तेव्हा तिची पहिली तोंडी परीक्षा कदाचित पहिल्या सत्राच्या आधीच होऊन जाईल. मी फक्त एक प्रात्यक्षिक सुचवलं : गावाकडच्या ग्रामसभेला जाऊन बसणं. दाजी म्हणाले, "तिथं कोण येतंय? कोरमच भरत नाही."

दाजी म्हणतात ते खरं आहे. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे लोक लागतात. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते. कायद्यातली गंमत पुढेच आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणपूर्ती लागत नाही. जे चार-सहाजण येतील ते ठराव करतात, आणि तो ठराव गावाचा, म्हणजे घरी बसलेल्यांचाही असतो. एवढं एक कलम नीट समजलं, तरी माझ्या हिशेबी मायनरचे सगळे श्रेयांक वसूल झाले.