आधी पिशवी कुठे ठेवायची?

नवीन पनवेलला आमच्या मजल्यावर, समोरच्या दारात एक मुलगी राहते. मुलगी म्हणायचं आपलं; पस्तिशी उलटलीय, पदरात पहिलीतलं पोर आहे. मागे वर्षभर ती रोज रात्री साडेनऊला माझ्याकडे टीव्ही बघायला यायची. नवरा अंटार्क्टिकावर, ‘मैत्री’ तळावरच्या हिवाळी तुकडीत. पोर आजीजवळ झोपलं की ओढणी सावरत यायची, हातात मोबाइल घट्ट धरलेला, कारण तिकडून फोन कधी येईल याचा नेम नसे. मला विज्ञानकथांवरच्या मालिकांचं जुनं वेड. तिला त्याचं काही नव्हतं, पण घर खायला उठतं म्हणून बसायची.

एका रात्री एका परदेशी मालिकेत अंतराळवीर कित्येक वर्षांनी घरी परतला. बायको अंगणातून धावत आली, मिठी पडली, मागे व्हायोलिन वाजू लागलं. माझे डोळे भरून आले होते. ती शांतपणे म्हणाली, “काकू, असं नसतं हो. आधी पिशवी कुठे ठेवायची तेच कळत नाही.” नवऱ्याची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेनंतर काय झालं, ते ती सांगत होती.

तेव्हापासून विज्ञानकथेतलं कुठलंही प्रेम मी त्या पिशवीवर तोलून बघते.

यान पटतं, परग्रह पटतो, प्रेम मात्र चिकटवल्यासारखं वाटतं, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. पुष्कळदा ती खरीही असते. ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’मधली सेव्हन ऑफ नाइन आठवा. ‘बोर्ग’ नावाच्या यंत्रसमूहातून सोडवून आणलेली ही स्त्री १९९७ साली मालिकेत आली. सगळ्यांचं मिळून एकच मन असलेल्या जमातीतून आलेल्या बाईने स्वतःला एकटं माणूस म्हणून ओळखायला शिकणं, हे पुढची चार वर्षं मालिकेने फार हळुवारपणे दाखवलं. मग २००१ साली मालिका संपायला आली आणि शेवटच्या मोजक्या भागांत तिचं चकोटे या अधिकाऱ्याशी जुळवून दिलं. जिने माणूसपण अक्षर अक्षर गिरवून मिळवलं, तिच्या वाट्याला प्रेम मात्र आयतं आलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

यावर कुणी म्हणेल, प्रेमाला वेळ द्यायला हवा होता, आणखी पन्नास भाग हवे होते. मला ते पटत नाही. दोघं चार वर्षं एकाच यानात होती. उलट ‘ब्लॅक मिरर’ मालिकेतला २०१६चा ‘सॅन जुनिपेरो’ हा भाग जेमतेम तासाभराचा आहे. १९८०च्या दशकातल्या एका समुद्रकाठच्या गावात यॉर्की आणि केली या दोन तरुणी भेटतात. हळूहळू कळतं की गाव खोटं आहे, संगणकात वसवलेलं आहे. खऱ्या जगात दोघी म्हाताऱ्या आहेत, एक तर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली. मेल्यावर या गावात कायमचं राहता येतं. यॉर्की केलीला म्हणते, राहा माझ्याबरोबर. तेव्हा केली उसळते. तिचा ४९ वर्षांचा संसार झालेला असतो. मुलगी गेलेली, नवराही गेलेला. आणि मुलीला जे मिळालं नाही ते मलाही नको म्हणून नवऱ्याने या गावात यायचं नाकारलेलं. त्या एका संतापात तिचं सगळं आयुष्य आपल्यासमोर उभं राहतं. प्रेयसी समोर आहे म्हणून मागचा संसार पुसला जात नाही. त्या क्षणी मला ते प्रेम शंभर टक्के पटलं.

म्हणजे भाग किती, याला महत्त्व नाही. कथाकाराने जी नवलाची गोष्ट शोधून काढली, मग ते यंत्र असो की वेगळा काळ, तिची किंमत त्या दोन माणसांना मोजावी लागते का, हा प्रश्न आहे. ती किंमत दुसऱ्याच कुणी मोजली, किंवा कुणीच मोजली नाही, की प्रेम उपरं वाटू लागतं.

हे समजायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही. कच आणि देवयानी घ्या. संजीवनी विद्या ही आजच्या भाषेत बोलायचं तर एका पक्षाच्या हाती असलेलं तंत्रज्ञान, आणि कच ते मिळवायला दुसऱ्या पक्षाने पाठवलेला बृहस्पतीचा मुलगा. असुर त्याला पुन्हापुन्हा मारतात, देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्य त्याला पुन्हापुन्हा उठवतात. शेवटी त्याची राख मद्यातून गुरूच्याच पोटात जाते. आता शिष्य जगायचा तर गुरू मरणार. म्हणून गुरू पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतो, शिष्य पोट फोडून बाहेर येतो आणि गुरूला जिवंत करतो. सगळं जुळून आलं असं वाटतं, तेव्हा देवयानी लग्नाचं विचारते. कच म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून जन्मलो, आता तू माझी बहीण. ज्या विद्येने तिला तिचा माणूस परत दिला, तिनेच तो कायमचा हिरावून घेतला. विज्ञानकथेतल्या प्रेमाची याहून घट्ट बांधणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. खाडिलकरांना या कथेत १९१३ साली ‘विद्याहरण’ नाटक सापडलं, ते उगीच नाही.

रेवतीची कथा तर थेट काळाची. वडील ककुद्मी तिच्यासाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेले, तिथे गाणं चाललं होतं, ते संपेपर्यंत थांबले. तेवढ्यात पृथ्वीवर युगं उलटून गेली. पुढे बलरामाशी तिचं लग्न झालं, एवढं आपल्याला सांगतात. एका गाण्यात जिच्या सगळ्या मैत्रिणी गेल्या, त्या मुलीला सासरी पहिल्या रात्री काय वाटलं असेल, हे कुणी सांगितलेलं नाही. टीव्हीवर कुणी दाखवणार असेल, तर मला ते पाहायचं आहे.

शेजारणीमुळे मला आणखी एका गोष्टीची गोडी लागली. आमच्या नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. रोज तिच्या फाटकावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवणारे लोक इथून अंटार्क्टिकापर्यंत जातात? या संस्थेचं मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरल्यावर त्या विजेने चुंबकसुईच्या नोंदी बिघडणार होत्या, म्हणून १९०४ साली वेध घेण्याचं काम अलिबागला नेलं. तिथल्या इमारतीत लोखंड येणार नाही, इतकी काळजी घेतली. तरीही कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, कारण नवी सुई जुन्या सुईपेक्षा किती वेगळं सांगते हे कळल्याशिवाय पुढच्या नोंदी मागच्यांना जोडता येत नाहीत.

मी हे शेजारणीला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आम्हाला कुणी दोन वर्षं दिली नाहीत, काकू. विमानातून उतरला, आणि सोमवारपासून ऑफिस.”

जुन्या आणि नव्या माणसातला हा फरक एका अलीकडच्या मालिकेने फार धीटपणे हाताळला आहे : ‘सेव्हरन्स’. २०२२ साली तिचा पहिला भाग आला. एक कंपनी कर्मचाऱ्यांच्या मेंदूत चकती बसवते. ऑफिसातल्या माणसाला घर आठवत नाही आणि घरातल्याला ऑफिस. मार्क हे करून घेतो, कारण बायको गेल्याचं दुःख दिवसातले आठ तास तरी नको. पुढे कळतं की बायको, जेमा, जिवंत आहे, त्याच कंपनीत आहे. आणि ऑफिसातला मार्क हेली नावाच्या सहकारिणीत गुंतलेला आहे. २०२५च्या दुसऱ्या पर्वाच्या शेवटी दार उघडं असतं, पलीकडे जेमा हाका मारत असते, आणि ऑफिसातला मार्क हेलीकडे वळतो. एकाच शरीरातल्या दोन माणसांची दोन प्रेमं, दोन्ही खरी. चकती काढून टाका, ही गोष्ट उरतच नाही. हीच माझी कसोटी. नवलाची गोष्ट काढून घेतल्यावर प्रेम जसंच्या तसं उभं राहत असेल, तर त्या मालिकेत यान कशाला हवं होतं?

आपल्याकडे २०१६ साली ‘लाइफ ओके’ वाहिनीवर ‘बहू हमारी रजनी कांत’ आली. वैज्ञानिकाने बनवलेली यंत्रमानव स्त्री घरात सून म्हणून वावरते. कल्पना सोन्यासारखी होती. न थकणारी, न रागावणारी, सांगितलेलं सगळं ऐकणारी सून हे आपल्या कित्येक घरांचं खरोखरचं मागणं असतं. अशा घरातल्या पुरुषाला यंत्र प्रिय वाटू लागलं तर तो कशावर प्रेम करतो, हे विचारायची जागा तिथे होती. मालिका विनोदाकडे गेली आणि ती जागा रिकामी राहिली.

मराठीत तर ही जागा अजून कुणी झाडूनही घेतलेली नाही. कथेत आपली परंपरा भक्कम आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ साली ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली, तेव्हापासून दिवाळी अंकांनी विज्ञानकथेला घरचं माणूस मानलं. २० मे २०२५ला नारळीकर गेले, तेव्हा अनेकांना आपल्या लहानपणाचा एक कोपरा गेल्यासारखं वाटलं. पण त्या परंपरेत कल्पनेला पहिला मान मिळाला, घरातल्या माणसांना उरलेली जागा. सुबोध जावडेकरांसारख्यांनी नात्यांकडे लक्ष दिलं, तरी पडद्यापर्यंत ते पोहोचलं नाही. आणि घरातली माणसं कशी दाखवायची हे मराठी मालिकांना येत नाही असं थोडंच आहे? ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मधली घना आणि राधा २०१२ साली करारापुरतं लग्न करतात आणि रोजच्या कुरबुरींतून एकमेकांची होतात. महाराष्ट्राने ते मनापासून मानलं. ती मालिका दिग्दर्शित करणारे सतीश राजवाडे त्याआधी ‘असंभव’मध्ये मागच्या जन्मीच्या गोष्टी आपल्या गळी उतरवून गेले होते. कुरबुरही येते, नवलही येतं. दोन्ही एका घरात आणायचं राहिलं आहे.

समोरच्या घरातला माणूस मार्चमध्ये परतला. मी दार उघडून उभी होते. तिने त्याच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला, तो म्हणाला, “नको, जड आहे.” मग दोघं एकेक बंद धरून उंबऱ्यात थबकली. आत कपाटातला त्याचा कप्पा तिने पोराच्या वह्यांना दिला होता. पिशवी दोन दिवस दिवाणखान्यातच पडून होती. त्याला पंख्याच्या आवाजाने झोप येत नसे. बंद केला तर पोराला उकडायचं. फोनवर वर्षभर दोघांनी एकमेकांना भाजी कोणती केली ते सांगितलं होतं, आणि आता समोरासमोर बसून काय बोलायचं ते सुचत नव्हतं. आठव्या दिवशी मिक्सरच्या झाकणावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या दारापर्यंत आवाज आला आणि मला फार बरं वाटलं.

मालिका लिहिणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी अंतराळातून परतलेल्या माणसाची गोष्ट लिहिणार असेल, तर लिहिण्याआधी एकदा पनवेलला या. हार्बरने शेवटच्या स्टेशनला उतरा. त्या मुलीला मी चहाला बोलावून ठेवते.