जागा कुणाची?

डोंबिवली पूर्वेतले कुठलेही एक घर घ्या. मुलीला ‘नीट’मध्ये सरकारी कॉलेजपुरते गुण पडलेले नाहीत, पण खासगी कॉलेजात इन्स्टिट्यूट कोट्यातून एमबीबीएसची जागा मिळू शकते. वडील राहता फ्लॅट गहाण टाकायला तयार आहेत. कल्याण पूर्वेतल्या तिच्या मित्राला तिच्याहून बरेच जास्त गुण आहेत. मात्र सरकारी यादी त्याच्या थोडी वरच थांबली. त्याचे वडील रिक्षा चालवतात. शिष्यवृत्ती धरली तरी खासगी फी त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून त्याने बीएएमएसचे पर्याय भरले.

“मावशी, मी त्याची जागा घेतेय का गं?”

मावशी ठाण्याच्या. नोकरी सगळी वॉर्डात गेली, सिस्टर म्हणून.

“नाही. त्याने ती मागितलीच नाही.”

“त्याला मागता आली नाही.”

या एका दुरुस्तीत सगळा पेच आहे. 2025 मध्ये सुमारे 22 लाख मुले परीक्षेला बसली. पहिल्याला 720 पैकी 686 गुण होते, तर खुल्या गटात पात्रतेची रेषा 144 वर होती. 686 पासून 144 पर्यंतच्या या उतारावर सरकारी जागा वरच्या टोकालाच संपतात. त्याखाली रांग गुणांचीच असते, पण तीत उभे कोण राहणार हे पैसा ठरवतो.

मावशींना हे ठाऊक होते. तरी त्या परीक्षेच्या बाजूने बोलल्या. “उत्तरपत्रिकेला आडनाव दिसत नाही, वडिलांचा हुद्दा दिसत नाही. 1986 साली एमडीच्या गुणांच्या फेरफाराचं प्रकरण हायकोर्टात गेलं, ताशेरे बसले आणि मुख्यमंत्री निलंगेकरांना पायउतार व्हावं लागलं. गुणांना माणसाचा हात लागला की काय होतं, ते आमच्या पिढीने पाहिलंय.”

“आणि 2024 साली आम्ही काय पाहिलं? आधी 67 जणांना पैकीच्या पैकी. मग ग्रेस मार्क काढले. मग फिजिक्सचा एक प्रश्न, ज्याची दोन उत्तरं बरोबर धरली होती. सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, बरोबर एकच निघालं, आणि 67 चे 17 झाले. एका प्रश्नाला पाच गुणांचा फरक पडतो, मावशी. त्या पाच गुणांत हजारो मुलं असतात. त्यांच्यातला चांगला डॉक्टर कोण, हे त्या प्रश्नाला कळतं?”

“नाही कळत. पण कुणाला कळतं, ते सांग.”

मुलीने कल्याणचेच नाव काढले. 31 मार्च 1865 ला तिथे जन्मलेल्या आनंदीबाई जोशींनी 1883 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजकडे अर्ज केला. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, पण आपली परिस्थिती वेगळी आहे, तिचा विचार व्हावा, असे त्यांनी लिहिले होते. कॉलेजने तो विचार केला. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या.

“आज तो अर्ज कुठे करायचा?” मुलीने विचारले.

“तेव्हा अर्ज वाचणारी माणसं प्रामाणिक होती. 22 लाख अर्ज वाचायला तशी माणसं कुठून आणशील? अपवादाची खिडकी उघडली की तिथे पहिला येतो ओळखीचा माणूस.”

मावशींचे हे म्हणणे वजनदार आहे. गुणांची रांग आंधळी आहे, आणि ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कुणी नाही त्याला हा आंधळेपणाच राखतो. पण मग फीच्या खिडकीवर तिला डोळे का फुटतात, या मुलीच्या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते. खरे तर ते उत्तर त्यांनी द्यायचेही नाही. ते सरकारने द्यायचे आहे. ठाणे जिल्ह्यात महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्यात 1992 पासून आहे. अंबरनाथला 100 जागांचे सरकारी कॉलेज निघायला मात्र 2024 उजाडले. एवढ्या वर्षांत ठाणे, कल्याण, डोंबिवली कुठल्या कुठे वाढली! ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या रुग्णालयात चोवीस तासांत 18 रुग्ण दगावले. त्यातले बरेच अत्यवस्थ अवस्थेत आले होते, असे तेव्हा सांगण्यात आले. जिल्हाभरातून एकाच दाराशी इतके रुग्ण यावे लागतात, तिथे सरकारी जागा वाढवणे ही विद्यार्थ्यांवरची मेहेरबानी ठरत नाही.

“मी खासगी कॉलेजचा पर्याय भरलाच नाही तर?”

“तर ती जागा त्याला मिळेल?”

मुलगी गप्प. ती जागा खाली सरकेल. तिच्याहून कमी गुणांच्या, पण पैसे भरू शकणाऱ्या कुणाकडे जाईल.

“म्हणजे माझ्या सोडण्याने त्याचं काहीच भलं होत नाही.”

“नाही होत. आणि घेण्याने तुझ्या बाबांचा फ्लॅट गहाण पडतो. डॉक्टर झाल्यावर आधी तो सोडवशील की कळव्याच्या कॅज्युअल्टीत येशील, ते आत्ताच स्वतःला विचार. मी कर्ज फेडणारे डॉक्टर पाहिलेत. वाईट नव्हते. पण थांबायचे नाहीत.”

पर्याय भरायची मुदत दोन दिवसांवर होती. मुलीने यादीत कळवा आणि अंबरनाथ सगळ्यात वर टाकले, आशा नसतानाही. खासगी कॉलेजाच्या ओळीपाशी ती अडली. मग तिने मित्राला फोन लावला, आणि जे मावशींना विचारले होते तेच त्याला विचारले.