बायोडेटा आणि वर्षावास

हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत मी भरतीचं काम बघते. बायोडेटा उघडला की नजर आधी तारखांवर जाते. अकरा महिने, सव्वा वर्ष, पुन्हा नऊ महिने असं दिसलं की मॅनेजर म्हणतात, "हा टिकायचा नाही, पुढचा दाखवा." जणू त्या पोराच्या चारित्र्यावरच डाग आहे. बाहेरून येणाऱ्याला घसघशीत हाइक आणि आत इमानानं बसलेल्याला नाममात्र वाढ, हे धोरण आमचंच, पण त्यावर कुणी बोलत नाही.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना माझं हे जग कळत नाही. पण आषाढ पौर्णिमेपासून वस्तीतल्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन सुरू होतं, तिथे आम्ही दोघं शेजारी बसतो. आणि तिथे ज्याची कथा वाचतात, तो तर एकेक ठिकाण सोडतच पुढे गेलेला!

गौतम आळार कालामाकडे गेला, त्याची विद्या पुरती शिकला. पाली सुत्तांत आहे की आळारानं त्याला सोबतीनं गण चालवायला बोलावलं. आमच्या भाषेत काउंटर ऑफर. ती त्यानं घेतली नाही. पुढे उद्दक रामपुत्तानं तर आचार्यपदच देऊ केलं. तेही नाकारलं. पण निघाला तो तिथलं सगळं हाती आल्यावर, ज्या दुःखाचा अंत शोधत होता तो तिथे नाही याची खात्री झाल्यावर. आणि बोधी मिळाल्यावर धम्म आधी कुणाला सांगावा म्हणताना त्याला हेच दोघे आठवले. तोवर दोघेही वारले होते. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. सोडलेल्या माणसांशी वैर नाही, वर त्यांची बुद्धी त्याला ठाऊक आहे.

त्यानं उभा केलेला संघही फिरता. भिक्षूंनी एका जागी रुतून बसायचं नाही. फक्त पावसाळ्याचे तीन महिने मुक्काम, कारण भर पावसात चालताना कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. कार्ले, भाजे, जुन्नरच्या लेण्यांतले विहार अशाच मुक्कामांना उपयोगी पडले. गंमत म्हणजे भिक्षूची ज्येष्ठता वयावर नाही, अशा पुऱ्या केलेल्या वर्षावासांवर मोजतात. फिरण्यावर बंदी नाही, पण मोजणी थांबण्याची.

नव्या भिक्षूला निदान पाच वर्षं आचार्याच्या आश्रयानं राहावं लागे. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही सलग पाच वर्षांचीच अट होती. योगायोगच, पण मला तो आवडतो. फरक पुढे आहे. विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांत, ते बंधन दोन्हीकडून होतं. शिष्यानं सेवा करायची, तसं गुरूनंही शिकवायचं, शिष्य आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करायची. आमच्याकडे उमेदवाराकडून निष्ठा हवी, आणि एखादं प्रोजेक्ट बंद पडलं की बेंचवरच्या त्याच मुलाला दुपारच्या मीटिंगमध्ये निरोप. ज्यानं आचार्याचं एकही कर्तव्य केलं नाही, त्यानं आश्रयाची पाच वर्षं कुठल्या तोंडानं मागावीत?

काही वेळा तर राहणंच अशक्य केलं जातं. बाबासाहेब 1917 मध्ये बडोद्याच्या नोकरीवर गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला कुणी जागा देईना, म्हणून ती नोकरी गेली. 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1920 मध्ये अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले. आमच्या मॅनेजरसमोर नुसत्या या तारखा ठेवल्या तर तो काय म्हणेल, मला पाठ आहे.

म्हणून काय दर वर्षाला उडी मारणाऱ्या प्रत्येकात गौतम शोधायचा? नाही. बरेच जण तृष्णेपायी पळतात. एक हाइक हातात पडेपर्यंत दुसरीवर डोळा असतो, आणि कुठलंच काम मुळापासून येत नाही. चाळिशीला आले की त्यांचं त्यांनाच ते जाणवतं. मुलाखतीत "का सोडली?" हा प्रश्न मी हल्ली मागे ठेवते, त्याची उत्तरं सगळे घोकून आलेले असतात. आधी विचारते, "तिथे तुम्हाला कुणी शिकवलं, आणि काय?" काही जण पाच मिनिटं भरभरून बोलतात. काही जण नुसतेच स्क्रीनकडे बघतात, आणि त्यात दोष त्यांचा की त्या कंपनीचा, हे मला दर वेळी ठरवता येतंच असं नाही.