पदकाच्या कडेवरचं नाव

महाड तालुक्यातल्या एखाद्या जुन्या घरात पत्र्याची ट्रंक उघडली, की कधीकधी फडक्यात गुंडाळलेलं पदक हाती येतं. पहिल्या महायुद्धाचं असेल तर बहुधा एका बाजूला पंचम जॉर्जचा चेहरा. पण बोट फिरवावं ते कडेवर. तिथे बारीक अक्षरांत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्याच युद्धानंतर सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या, त्यांवर मात्र आकडे: इतके लढाईला गेले, इतके मेले.

लढाईची आठवण कुणासाठी ठेवायची, याचं उत्तर या मुलखात बदलत गेलं. पोलादपूरजवळ उमरठला तानाजी मालुसऱ्यांचं स्मारक आहे. १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या एका वीराच्या नावाने तिथे ऊर भरून येतो. इंग्रजी अमदानीतल्या गावच्या पाट्यांवर नावाची जागा आकड्याने घेतली.

आणखी एक वळण मला सर्वांत मोलाचं वाटतं, आणि ते महाडच्याच मातीतलं आहे. रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झालेले. महारांची लष्करभरती बंद झाल्यावर, १८९४ मध्ये, त्यांनी ती पुन्हा सुरू करा म्हणून सरकारसाठी अर्ज लिहिला. केलेल्या चाकरीची आठवण आता हक्काचा पुरावा झाली होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. ईस्ट इंडिया कंपनीने तो लढाईतल्या स्वतःच्या विजयासाठी उभारला होता, पण त्यावर पडलेल्यांची नावं आहेत, आणि शेवटी ‘नाक’ लागलेल्या नावांत महारांनी आपले पूर्वज ओळखले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी कोकणातल्या पलटणी पेन्शनरांचे चांगले दिवस आठवले आणि भरतीबंदीवर टीका केली. २० मार्चला लोक चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले.

महाड तालुक्यातलं फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन बसलंय. पण या गावांतली माणसं गिरण्यांसाठी, गोदीसाठी मुंबईला गेली आणि त्यांच्याबरोबर ट्रंकाही गेल्या. चाळी पडतात, माळे रिकामे होतात, पेन्शनचे कागद रद्दीत जातात. इकडे जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घराघरांत चिखल शिरला. चिखलात गेलेला कागद सहसा परत मिळत नाही.

महाडला बाबासाहेबांचं राष्ट्रीय स्मारक आहे. शिपायांच्या आणि मुंबईकर झालेल्यांच्या या वस्तूंसाठीही तालुक्यात एक दालन हवं, उमरठपासून चवदार तळ्यापर्यंत सगळ्यांना एकाच छताखाली घेणारं. ते होईल तेव्हा होईल. या गणपतीला गावी आलात की ट्रंक उघडा. पदक चिंचेने घासू नका, अक्षरं झिजतात. कडेवरचं नाव, नंबर, पलटण वहीत उतरवा आणि एक प्रत ग्रामस्थ मंडळाकडे द्या.