घरपट्टीतले सहा पैसे

बंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराचं देऊळ आहे. त्याच्याशी संबंधित १६६९ सालच्या शिलालेखात व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावानं, या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची नोंद आहे. मराठी पाहुणा हे ऐकून सुखावतो, एक फोटो काढतो आणि बेन्ने डोशासाठी सीटीआर हॉटेलच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मला मात्र त्या लेखात राजापेक्षा गावाचा महसूल महत्त्वाचा वाटतो. देऊळ एकदा बांधून होतं, पण दिव्याला तेल रोज लागतं. ते भक्तांच्या मर्जीवर न सोडता एका गावच्या उत्पन्नावर टाकलं, हा त्या इनामातला खरा विचार.

आज त्याच मल्लेश्वरममधला घरमालक घरपट्टीसोबत ग्रंथालय उपकर भरतो. करातल्या रुपयामागे सहा पैसे. हा उपकर १९६५ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यातून आला. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं. या कायद्यामागे एस. आर. रंगनाथन यांचा विचार होता. मूळचे गणिताचे प्राध्यापक, १९२४ पासून मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल, आणि १९४८ च्या मद्रास ग्रंथालय कायद्याचे कर्ते. बंगळुरूत त्यांनी १९६२ साली ग्रंथालयशास्त्राचं जे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभारलं, त्याचा सुरुवातीचा पत्ता मल्लेश्वरमच्या अकराव्या क्रॉसचा होता. ग्रंथालय ही वाढत जाणारी सजीव संस्था आहे, असं त्यांनी १९३१ मध्येच लिहून ठेवलं होतं. वाढणाऱ्या जिवाला रोज खायला लागतं, हे त्यांनी कायद्यात उपकराची तरतूद करून सांगितलं.

या उपकराच्या पैशावर चालणाऱ्या ग्रंथालय खात्यानं फेब्रुवारी २०२० मध्ये डिजिटल सार्वजनिक ग्रंथालय सुरू केलं. मोबाइल क्रमांक देऊन नाव नोंदवायचं. ई-पुस्तकं, शालेय अभ्यासक्रमाचे धडे आणि व्हिडिओ मोफत. महिनाभरात टाळेबंदी आली. शाळा बंद, वाचनालयाला कुलूप, आणि हे दार तेवढं उघडं.

यावर कुणीही विचारेल की मोफत धड्यांची यूट्यूबवर काय कमी आहे? शिकवणीच्या कंपन्याही पहिले काही धडे फुकट देतात. देतात खरं, पण पुढचे विकायचे असतात म्हणून. मूल गणितात कुठे अडखळलं, याची नोंद तिथे गिऱ्हाइकाची माहिती होते, आणि संध्याकाळी बापाला फोन येतो. ग्रंथालयाला विकायला काही नाही, कारण त्याचे पैसे आधीच चुकते झालेत. लॉस एंजेलिसचं सार्वजनिक ग्रंथालय २०१४ पासून शाळा सुटलेल्या प्रौढांना ऑनलाइन शिकवून मान्यताप्राप्त शालान्त पदविका मिळवून देतं; तेही याच हिशेबावर चालतं.

आता दुसरी बाजू. ऑनलाइन धडा घरी शिकायचा म्हणजे घरात शांत कोपरा हवा, आणि बाप कामावर जाताना घेऊन जाणार नाही असा फोन हवा. कर्नाटकाला हे उमगलं असावं. २०१९ मध्ये साडेपाच हजारांहून जास्त ग्रामपंचायत वाचनालयं ग्रामविकास खात्याकडे गेली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ‘ओदुव बेळकु’, म्हणजे वाचनाचा उजेड, या नावानं मोहीम निघाली. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना सभासदत्व मोफत. ॲपपेक्षा मला हा निर्णय मोठा वाटतो. शहरातल्या वाचनालयांतही केपीएससीच्या, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या, उमेदवाराला हवं असतं ते टेबल, पंखा आणि कुणी उठवणार नाही याची खात्री. पुस्तकं तो स्वतःची घेऊन येतो. सकाळच्या पेपरांसाठी येणारे आजोबा आणि हा मुलगा यांना एकाच खोलीत सांभाळणं हीसुद्धा ग्रंथपालाची लोकसेवाच, मग अहवालात तिला रकाना असो वा नसो.

हे सगळं आपल्याला नवं वाटायला नको. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्याला बोलावलं आणि राज्यभर मोफत वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. गावानं रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. खात्याची एक शाखा निव्वळ दृश्य शिक्षणाची होती: वाचता न येणाऱ्यांना चलच्चित्रं दाखवायची, स्टिरिओस्कोपमधून दूरदेश दाखवायचे. शंभर वर्षांपूर्वीचा हा व्हिडिओ वर्गच की! कोल्हापूर संस्थानानं तर १९४५ मध्ये, मद्रासच्याही आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला होता.

मग महाराष्ट्राचं काय झालं? १९६७ चा आपला कायदा उपकराशिवाय झाला. उपकराऐवजी अनुदान आलं, आणि अनुदानासाठी अ, ब, क, ड असे वर्ग. त्यामागेही एक परंपरा होती, आणि ती हलकी नव्हे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. आपली वाचनालयं लोकांनी वर्गणी काढून, घरोघरी देणग्या मागून उभी केली, म्हणून ती आपली वाटतात. सरकारी खात्याच्या वाचनालयात हा जिव्हाळा सहसा नसतो, हे कबूल. पण वर्गणी भरणाऱ्याचं वाचनालय वर्गणी भरणाऱ्याचीच आवड ओळखतं. दारावरून जाणाऱ्या बांधकाम मजुराच्या मुलीला ‘आत ये, हा तुझाही हक्क आहे’ असं तिथलं कुणी म्हणालंच, तर तो त्या माणसाचा चांगुलपणा. आणि तुटपुंज्या मानधनावर अर्धवेळ काम करणाऱ्या ड वर्गाच्या ग्रंथपालाकडून ऑनलाइन वर्ग चालवायची अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

पुण्या-मुंबईच्या घरपट्टीत शिक्षण कर असतो, वृक्ष करही असतो. ग्रंथालयाची ओळ नसते. ती सुचवली की नवा कर लोक सोसणार नाहीत, असं उत्तर येतं. हिशेब करून बघावा: दहा हजार रुपये करावर सहा टक्के म्हणजे वर्षाला सहाशे, महिन्याला पन्नास.

कर्नाटकात सारं आलबेल आहे असंही नाही. बंगळुरूत गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे पूर्ण आणि वेळेवर पोहोचत नाही, ही तक्रार जुनी आहे. पावतीवर बरीच वर्षं आरोग्याचे १५, ग्रंथालयाचे ६ आणि भिक्षेकरी निवारणाचे ३ असे मिळून २४ टक्क्यांचा एकच आकडा येत आला. त्यामुळे आपण वाचनालयासाठी पैसे भरतो हे कित्येक घरमालकांना ठाऊकच नसतं, आणि थकबाकीची बातमी आली तरी आमचे सहा पैसे गेले कुठे म्हणून कुणी विचारत नाही.